दोर होडीला बांधू नये

धाकटा भाऊ वामन गेल्याला चार महिने झाले. या काळात दोनदा दादरच्या वाटेला लागलो आणि दोन्ही वेळा मधूनच परतलो. या रविवारी मात्र आईला सांगून सकाळीच गिरगावातून निघालो. भेटायचे होते हरी नाखव्याला. वामन एका व्यापाऱ्याकडे कारकून होता आणि खोल पाण्यातल्या आगबोटीकडे हरीच्या होडीतून चालला होता. वारा उठला, होडीत पाणी भरले. माणसे एकेक करून वर ओढून घ्यायला आगबोटीने यारीचा दोर खाली सोडला. हरीने तो होडीला बांधला. लाटेबरोबर आगबोट वर गेली आणि होडी उलटली. बाकीचे पोहून वाचले. वामनला पोहता येत नव्हते.

मी बंदराच्या कचेरीत आहे. अशा प्रसंगीच्या नियमांचे मराठी मीच केले आणि कागद दारावर मीच चिकटवला. दोराच्या टोकाचा पट्टा काखांखालून घ्यावा, हात खाली ठेवावेत, एका वेळी एकानेच चढावे, दोर होडीला बांधू नये. त्याची नक्कल खिशात होती. ती हरीपुढे वाचायची आणि विचारायचे, का बांधलास?

भायखळ्यापर्यंत ट्राम आहे, पुढे पायी. कोणी जाणार असेल तर रविवारी जावे, गिरण्यांचा धूर नसतो. तरी लालबाग ऊन चढण्याआधी ओलांडलेले बरे. परळला चणे घेतले, पण खाल्ले नाहीत. बसलो असतो तर पुन्हा मागे फिरलो असतो. दादरला शेते आणि माड लागतात. वाळत घातलेले बोंबील दिसले की कोळीवाडा आला.

हरी जाळे सांधत होता. मला ओळखले ते त्याच्या बायकोने, चांगुणाने.

“वामनदादाचे भाऊ ना? नाक त्येच.”

मी उभ्यानेच कागद वाचला.

“ह्ये कुटं लावलंय?” हरीने विचारले.

“कचेरीच्या दारावर.”

“आमी पान्याकडनं येतो, दादा. दार तिकडं रस्त्याला.”

“आन् वाचनार कोन? ह्यो?” चांगुणा म्हणाली. “बसा त्या होडीत. उठू नका, पडाल.”

गुडघाभर पाण्यात होडी हलत होती. मी दोन्ही हातांनी काठ धरून बसलो. एकाएकी तिने किनाऱ्यावरून दोर भिरकावला आणि ओरडली, “धरा!”

मी धरला. होडी कलंडली तसा तो होडीच्याच समोरच्या खुंट्याला गुंडाळला आणि गाठ मारली. मारल्यावर मग कळले.

कोणी हसले नाही.

“सोडा,” चांगुणा म्हणाली. “गाठ सैल हाय तुमची.”

“माजी सैल नवती,” हरी म्हणाला.

विचारायचे होते ते मी विचारले नाही. निघताना हरीने कागद पुन्हा वाचायला लावला आणि एवढेच म्हणाला, “दोर मानसाला. होडीला नाय.”

परतीला पाय जड झाले होते, तरी कुठे टेकलो नाही. घरी आईने विचारले, “का बांधला त्यानं?”

“मीही बांधला, आई.”

तिने माझा तळहात उलटून दोराचा वळ पाहिला आणि तेल आणायला आत गेली.

आता कचेरी सुटली की मी पाण्याकडच्या पायऱ्यांवर थांबतो आणि होड्या लागल्या की हरीचे शब्द सांगतो. मोठ्याने बोलायची मला सवय नाही. कालपासून काही होड्या लांबूनच ते शब्द माझ्याआधी ओरडतात.