टाकीला लावलेलं कुलूप

माझ्या चुलतभावावर, म्हणजे बबनवर, माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणून तर मी डिझेलच्या टाकीला एकच कुलूप लावलं.

मसुऱ्याच्या अलीकडे आमचा मळा आहे. त्यात विहीर एक, विहिरीवरचं डिझेल इंजिन एक आणि मालक दोन : बबन आणि मी. (सातबाऱ्यावर आणखी बरेच आहेत, पण ते मुंबईत असतात आणि फक्त आंब्यांच्या दिवसांत मालक होतात.) त्या सगळ्यांच्या सह्या जमत नाहीत म्हणून विजेचा खांब मळ्यापर्यंत येत नाही, आणि खांब येत नाही म्हणून आमच्या वडिलांच्या वेळचं, हँडल मारून चालू करायचं ते इंजिन अजून नोकरीत आहे. निवृत्त झालो तो मी. मुंबईत एका कारखान्याचं गोदाम सांभाळायचो. सगळी हयात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्यांकडे बघण्यात गेली. ती नजर निवृत्तीच्या दिवशी साहेबाकडे जमा करता येत नाही हो!

गावी आल्यावर मी हौसेने कलिंगडं लावली. आयुष्यातलं माझं पहिलं पीक! शेजारच्या कुणग्यात बबनची मिरची आणि चवळी. एक दिवस पाण्याची पाळी त्याची, एक दिवस माझी. डिझेल ज्याचं त्याने ओतायचं. आता टाकी एक आणि डिझेल आपापलं म्हटल्यावर, माझ्या पाळीचं उरलेलं डिझेल रात्रभर बबनच्या घराच्या बाजूला एकटं राहणार! मी टाकी बारकाईने तपासली, तर झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक!

"ह्या बघ!" मी बायकोला दाखवलं. "हयसून नळी घालून डिझेल काढतत."

"इतक्याशा भोकातसून डिझेल काढूक बबन भावोजी काय डास आसत?"

बायकोला माणसांची पारख नाही. मी कोवळ्या फणसाचा चीक काढून ते भोक गच्च बुजवलं, झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून बसवला, वरून लोखंडी पट्टी आणि पट्टीला कुलूप. किल्ली माझ्या करगोट्याला. बबनला डिझेल ओतायचं असलं की मी जातीने जाऊन कुलूप उघडायचो, त्याचं होईपर्यंत उभा राहायचो आणि परत लावायचो.

"भाई, टाकयेत डिझेल आसा की सोना?" बबन हसून म्हणाला. मनात काही नसलेला माणूस असा हसतो का? मी ते लक्षात ठेवलं.

आणि लगेच इंजिन बंद पडायला लागलं! सुरू व्हायचं झकास. टुकटुक करत थोडं पाणी फेकायचं, मग धाप लागल्यासारखं करायचं आणि गप्प. माझा पहिला विचार : डिझेल गेलं! धावत जाऊन कुलूप काढलं, झाकण फिरवलं, तर आतून 'फुस्स' असा आवाज आला. डिझेल होतं तेवढंच. परत कुलूप लावलं, हँडल मारलं, इंजिन सुरू. थोड्या वेळाने परत गप्प. परत कुलूप, परत 'फुस्स', परत हँडल. संध्याकाळपर्यंत माझा खांदा उतरला आणि पाणी कलिंगडाच्या चार आळ्यांपर्यंतसुद्धा पोचलं नाही.

मी रात्री विचार केला. कुलपामुळे चोराचा धंदा बसला, म्हणून त्याने सूड घेतला. डिझेलात काहीतरी मिसळलं. नाहीतर डिझेल फुसफुसेल कशाला? शिवाय टाकी काठोकाठ भरली की इंजिन आणखी लवकर बंद पडायचं. म्हणजे डिझेल जास्त तितकी भेसळ जास्त! पाणी मिसळलं असेल तर तळाशी बसेल म्हणून मी काचेच्या बाटलीत डिझेल भरून ओटीवर ठेवलं आणि सकाळी उजेडात धरून पाहिलं. पाण्याचा थेंब नाही, कचऱ्याचा कण नाही. इतकं स्वच्छ डिझेल मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझा संशय दुप्पट झाला.

"भाई, एअर धरली आसात इंजिनान," बबन पाना घेऊन हजर. "पायप सोडूया, फिल्टर बदलूया."

न बोलावता मदतीला! आम्ही फिल्टर बदलला, वायसर बदलले, नळीत कचरा असेल म्हणून ती काढली. "वायच फुंक मार," बबन म्हणाला. पण त्याचं ऐकायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून मी फुंकण्याऐवजी ओढलं. तोंडभर डिझेल! चुळा भरत घरी आलो तर बायको लांबूनच ओरडली, "थयच ऱ्हवा! मी चूल पेटवतंय!"

इकडे माझी कलिंगडं! नारळाएवढी झालेली फळं, आणि दुपारच्या उन्हात वेल माना टाकून पडलेले. आणखी दोनचार दिवस पाणी मिळालं नसतं तर सगळं पीक गेलंच होतं. मी बांधावर बसून एकेका फळाला हात लावून बघायचो. खोटं कशाला सांगू, एकदा डोळ्यांत पाणीही आलं (आणि तेवढंच पाणी त्या दिवशी मळ्यात आलं).

शेवटी मी देवळाच्या मानकऱ्यांकडे, म्हणजे गावकारांकडे, गेलो आणि सोमवारी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवून टाकलं. देवासमोर नारळ ठेवायचा, जाणत्या माणसाने सगळ्यांच्या साक्षीने तक्रार मांडायची आणि जमलेल्यांनी "होय महाराजा" म्हणायचं. 'आमच्या इंजिनाचं डिझेल जो कोणी अडवत असेल, त्याला देवाने बघून घ्यावं.' बास! मी नाव घेतलं नाही. फक्त सांगताना बबनच्या घराकडे बघत राहिलो.

"घाल गाऱ्हाणा," कानावर गेल्यावर बबन मळ्यात मला शांतपणे म्हणाला. "मी पण येतलंय."

रविवारी मी इंजिनाला नवा नोझल आणायला कसालला गेलो. पाळी बबनची होती, पण किल्ली माझ्या कमरेला. म्हटलं, आता बघू कसं चालवतो! दुपारी एसटीतून उतरलो आणि रस्त्यावरच थबकलो. टुकटुक, टुकटुक... अखंड!

पळत मळ्यात गेलो. इंजिन जोरात चाललं होतं. माझं झाकण कुलपासकट दगडावर पडलं होतं, पट्टी वाकलेली, आणि टाकीच्या तोंडावर नारळाची करवंटी उपडी घातलेली.

"कुलूप फोडलंस?" मी ओरडलो. "आणि मी नसतानाच बरा चलता ता?"

"सकाळधरना एकदा पण बंद पडला नाय," बबन म्हणाला. "वैनीन सांगल्यान तसा केलंय."

बायको बांधावर उभी होती. "अवो, दर टायमाक झाकण उघडलास की इंजिन चालू जाता, ह्या तुमका दिसला नाय? तेलाच्या डब्याक एकच भोक पाडला तर तेल धड येता काय? वारो आत जावक दुसरा पाडूचा लागता मा? तुमी वाऱ्याचा भोकच चिकान बुजवलास! वारो जाणा नाय तर डिझेल खाली उतरतला कसा?"

मी झाकण उचलून भोकाला तोंड लावलं आणि जीव खाऊन फुंकलं. डोळे बाहेर आले, पण वारा काही पलीकडे गेला नाही. फणसाचा चीक उत्तम असतो, एवढं मी सांगू शकतो.

मग माझं लक्ष पाटाकडे गेलं. पाणी माझ्या कलिंगडांत चाललं होतं. आज पाळी बबनची, डिझेल बबनचं, आणि त्याची मिरची अजून कोरडी!

"तुजे वेल मराक टेकले हुते," तो म्हणाला. "मिरचेक संध्याकाळी सोडतलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी करगोट्याची किल्ली सोडून त्याच्या हातात दिली. (तिचा आता उपयोग काय, ते मला विचारू नका.) आणि तडक गावकारांकडे जाऊन म्हटलं, गाऱ्हाणं रद्द करा.

"गाऱ्हाणा रद्द?" गावकार चमकले. "देवाक नारळ बोललंस मा? आता मागे घेवक येवचा नाय. आणि भावकी सगळी येतली."

आली. एरवी सह्यांना न मिळणारी माणसंसुद्धा आली. गावकारांचा घसा बसला होता, म्हणून त्यांनी नारळ बबनच्या हातात दिला. बबनने देवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आवाज लावला, "बा देवा महाराजा! ह्या तुज्या लेकरान आपल्याच इंजिनाचो सास कोंडल्यान आणि चोर सगळ्या गावात सोदल्यान. ता तेणा जाणून केल्यान नाय. मुंबयत ऱ्हवान तेची अक्कल वायच आटली आसा. जी काय चूक झाली, ती पोटात घाल, आणि तेच्या कलिंगडांक गोडी दी रे महाराजा!"

"होय महाराजा!"

त्या गजरात सगळ्यांत मोठा आवाज माझ्या बायकोचा होता. दुसरा नंबर माझा. हात जोडलेले होते, सवयीने माझ्याही तोंडून निघून गेलं!