शेंगदाण्याचं क्रीम

माझ्या लेकीला दूध चालत नाही. दही, लोणी, तूप, काहीच नाही. लातुरात हे कुणाला सांगून बघा. ऐकणारा आधी हसतो, मग औषध सुचवतो. ती लहान असताना शेजारच्या वाढदिवसाला तिनं केकवरचं क्रीमचं फूल चाटलं आणि बघता बघता ओठ सुजले, छातीतून शिट्टी वाजायला लागली. दवाखान्यात नेताना रिक्षात मी कुठकुठल्या देवाला काय बोलले, ते देवांनाच ठाऊक. तेव्हापासून दुसऱ्यांच्या वाढदिवसाला ती चिवड्याची वाटी घेऊन बाजूला बसते आणि मोठ्या बाईसारखं सांगते, मला चालत न्हाई.

सासूबाई मुरुडच्या. त्यांच्या लेखी तूप म्हणजे दूध नव्हेच. पानावर तूप पडल्याशिवाय अन्न शुद्ध होत नाही, मग पान देवाचं असो की माणसाचं. एकदा माझ्या नकळत त्यांनी लेकीच्या वरणभातावर तूप सोडलं आणि पोरीच्या अंगभर गांधी उठल्या. एवढ्याशानं काय व्हतंय, असं त्या म्हणाल्या. मग मी तोंडाला येईल ते बोलले आणि तुपाची बरणी वरच्या फळीवर ठेवली, जिथं त्यांचा हात पोचत नाही. नैवेद्यापुरतं तूप रोज सकाळी वाटीत काढून देऊ लागले. स्वतःच्या घरात तूप मागून घ्यावं लागतंय, ही बातमी मुरुडपर्यंत गेली. आमच्यात कामापुरतं बोलणं उरलं.

यंदा लेकीनं वाढदिवसाला एकच मागितलं. सगळ्यांना जो केक, तोच तिला. वेगळी वाटी नको.

कपकेक अवघड नव्हते. तेल, लिंबू आणि सोड्यावर ते छान फुगतात. घोडं अडलं वरच्या सजावटीला. आधी पिठीसाखर लिंबाच्या रसात कालवून ओतली. एप्रिलचा उकाडा, ती केकवरून ओघळून ताटात गेली. मग नारळाचं घट्ट दूध फ्रिजमध्ये ठेवून फेटलं. ते जरा धरतंय तोवर लाइट गेली आणि त्याचं सार झालं. नवरा म्हणाला, भातावर घे. मी त्याला स्वयंपाकघरातून घालवलं.

शेवटी शेंगदाणे भाजले, सोलले आणि तेल सुटेपर्यंत मिक्सरमधून काढले. त्यात चिरलेला गूळ आणि चिमूटभर मीठ घालून पुन्हा फिरवलं. सुरीनं पसरलं तर जिथल्या तिथं राहिलं. रंग मातकट होता, म्हणून वर खोबऱ्याचा कीस आणि रंगीत बडीशेप पेरली. दिसायला बरं झालं. सासूबाई दारातून बघत होत्या.

संध्याकाळी पोरं जमली. मी भांडी दोनदा घासली होती, नवी सुरी आणली होती, कुणाच्या हातात बाहेरचं चॉकलेट नाही ना तेही पाहिलं होतं. ताट बाहेर न्यायला उचललं तर एक केक कमी. देवघराकडे पाहिलं. सासूबाई देवापुढे बसलेल्या, समोर ताटलीत केक, शेजारी मीच सकाळी दिलेली तुपाची वाटी. आमच्या घरात देवापुढचा घास वाढदिवसाच्या लेकराच्या तोंडात आधी जातो. मी सगळ्यावर पहारा ठेवला आणि देवाला विसरले.

ताट तिथंच टेकवून धावले. केकवरचा कीस कोरडा होता.

त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "तूप न्हाई सोडलं. हे लेकराच्या तोंडात जायचं हाय. देवाला सांगितलंय मी." मग वाटी माझ्या हातात दिली. "ही बी वरच ठेव."

मला रडू आलं. रागही आला, की हे एवढे दिवस का नाही.

लेकीनं देवापुढचा तो केक हातात घेतला, पण खाल्ला नाही. मी टेकवलेल्या ताटाकडे बघत आजीला विचारलं, सगळ्यांचा असाच हाय का. सासूबाई उठल्या, ताटातला एक केक घेतला आणि तिच्याजवळ खाली बसल्या.

"बघ," त्या म्हणाल्या, "माझा बी तसलाच हाय." आणि तिच्या आधी त्यांनीच घास घेतला.