बिनघोड्याचा टांगा

पुढचं चाक जमिनीवरून उचललं ते मला दिसलं नाही. मी मागे तोंड करून बसले होते. मला दिसत होता तो आम्ही चढून आलेला करंजी घाटाचा रस्ता, त्यावर आमचीच उडालेली धूळ आणि खाली लांबवर गावाची झाडं. नणंदेचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एकदम आमची बैठक खाली गेली, रस्ता तोंडाजवळ आला आणि माझे पाय धुळीत घासायला लागले.

पुढून मालक ओरडले, "उलार झाली! उतर, उटी लाव."

भार मागे पडून गाडीचं पुढचं अंग उचललं की आमच्याकडे गाडी उलार झाली म्हणतात. आणि चढावर गाडी मागे जाऊ नये म्हणून चाकामागे जो दगड घालतात तो उटी. घाटाखालच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. दगड माझ्या पायाशीच ठेवलेला होता. मी उडी टाकली आणि जवळच्या, म्हणजे डाव्या चाकामागे तो घातला. माझं वजन गेल्यावर पुढचं चाक दाणकन खाली आलं. इंजिन बंद पडलं. गाडी उभी राहिली.

"थांबली का?"

"थांबली."

"मग तिला खाली घे. मी चालू करतो."

ही गाडी कशी झाली ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझे मालक लढाईत फटफटीवरून डाक पोचवायचं काम करत. नगरच्या छावणीत शिकले आणि तिथूनच दर्यापार गेले. तिकडं सुरुंगावर चाक गेलं आणि डावा पाय गुडघ्याखाली तुटला. सरकारनं लाकडाचा पाय बसवून घरी पाठवलं. त्याला खाली पाऊल नव्हतं, नुसता दांडा होता, टोकाला रबर लावलेला. शेणानं सारवलेल्या जमिनीवर त्याचा टक असा आवाज यायचा. मी चुलीपुढे बसलेली असले तरी मालक घरात कुठं आहेत ते मला कळायचं. वहाण एकाच पायाला लागायची, पण गावचा चांभार एकटी वहाण करून देईना. म्हणायचा, जोडी म्हणजे जोडी. मग डाव्या वहाणा कोऱ्याच्या कोऱ्या माळ्यावर जाऊन पडायच्या.

वर्षभर ते ओट्यावर बसून राहिले. बोलणं बेताचं. मग छावणीतलं लढाईचं जुनं सामान लिलावात निघालं, तेव्हा ते नगरला गेले आणि बैलगाडीत फटफटी घालून आले. मोठं धूड होतं. लांबच्या प्रवासाची गाडी ती, मागे दोन्हीकडे चामड्याच्या पिशव्या, पुढे परातीएवढा दिवा.

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "ज्या घोड्यानं पाय खाल्ला त्याच्यावरच पुना बसतूस?"

"घोड्यानं न्हाई खाल्ला, आये. सुरुंगानं खाल्ला."

"मंग सुरुंग बी आनायचा हुता एखादा."

गाडी चालायची झकास, पण थांबली की पडायची. फटफटी उभी करताना पाय टेकावा लागतो, आणि मालकांना सवय डावा टेकायची. लाकडाचा पाय टेकला की सटकायचा. खळ्यात ते रोज डाव्या अंगावर पडत. पडल्यावर कुणाला हाक मारत नसत. मी धुणं टाकून जायची, गाडी उचलायची, परत यायची. एक दिवस गाडीखालूनच म्हणाले, "हिला तिसरं चाक पायजे."

नगरला टांगे बांधणारे एक म्हातारे मुसलमान मिस्त्री होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी फटफटीचं मागचं चाक काढलं आणि तिथं टांग्याचा आस बसवला, रबरी धावेची दोन चाकं लावून. इंजिनाची साखळी उजव्या चाकाला जोडली. डावं मोकळं ठेवलं, कारण दोन्ही जखडली तर गाडी वळत नाही. मूळचा ब्रेक डाव्या पायाचा होता, तो आता कामाचा नव्हता. म्हणून हाताशी एक लाकडी दांडा दिला. तो ओढला की उजव्या चाकावर ठोकळा दाबला जायचा. लाकडाचा पाय पुढच्या फळीवर थडथड उडायचा, तर फळीला खोगिराचा एक जुना पट्टा ठोकला. बसल्यावर त्या पट्ट्यानं पाय बांधायचा. बकल मालकांच्या हाताला येत नव्हतं. मी बांधायची, मीच सोडायची. उतरायचं झालं की ते तोंडानं सांगत नसत, नुसतं वळून माझ्याकडे बघत.

राहिली बैठक. ती चाचांनी टांग्यासारखीच केली, मागे तोंड करून बसायची. आमच्याकडच्या बायका टांग्यात तशाच बसत. चारचौघांत गडीमाणसाच्या पाठीला लागून कोण बसणार? त्या दिवशी मीही नगरला गेले होते. चाचांनी मला आणि त्यांच्या एका कारागिराला मागे बसवलं, मालकांना पुढे बसवलं आणि स्वतः पुढचं चाक एका हातानं उचलून बघितलं. जड लागलं. मग बैठक आणखी मागे सरकवली. परत उचललं. असं करत करत चाक अलगद हाताला आलं तेव्हा त्यांचं समाधान झालं.

"आता बराबर झाली. जनावराच्या पाठीवर वजन नको. टांगा तुलला पाहिजे."

त्यांनी जन्मभर टांगे असेच तोलले होते. मालकांनी हँडल फिरवून बघितलं. तेही हलकं फिरलं. ते हसले. लढाईवरून आल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. गाडीला जनावरच नाही, हे तिथं कुणी बोललं नाही. मीही नाही. मला तरी काय कळत होतं.

गावानं तिला बिनघोड्याचा टांगा नाव ठेवलं. पारावरची टवाळ माणसं म्हणायची, "काय सरकार, घोडा चरायला सोडला का?" मालक म्हणायचे, "टाकीत हाय, ये बघायला." ते बोलायला लागले होते. बाजारात जायचे, कुणाचं पोतं आणून द्यायचे. सपाटीला गाडीनं कधी त्रास दिला नाही. घाट चढायचे तेव्हा ते एकटेच असायचे.

नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मालकांच्या पाठची ती. तिला दुखायला लागलं आणि दिवस गेला, रात्र गेली, तरी सुटका होईना. सुईणीनं पोटावर हात फिरवला आणि हात काढून घेतला. म्हणाली, "मूल आडवं हाय. माझ्या हातचं काम न्हाई ह्ये. नगरला मिशनच्या दवाखान्यात न्या, न्हाईतर पोर जाईल तुमची."

बैलगाडीनं नगर म्हणजे सगळा दिवस. नणंदेचं अंग गार पडायला लागलं होतं. सासूबाई त्या गाडीत आजवर बसल्या नव्हत्या, तिच्याकडे धड बघतही नसत. त्यांनीच गोधडी आणून बैठकीवर अंथरली. मी मालकांचा पाय बांधला, पट्टा एक भोक जास्त ओढून, कारण रस्ता खराब होता. उजाडताना आम्ही निघालो.

तर आम्ही घाटात उभे होतो. मी नणंदेला काखेत हात घालून खाली ओढली आणि डोंगराच्या बाजूला नेलं. ती अंगानं थोराड, वर ते पोट. तिनं माझ्या मनगटाला असं धरलं होतं की बांगड्या पिचल्या.

"वयनी, दादाला म्हनावं हळू."

"गाडी उभीच हाय. गप पड."

फटफटी चालू करायची तर उजव्या पायानं खटका मारावा लागतो आणि त्यावर सगळं अंग टाकावं लागतं. त्यासाठी मालकांनी ब्रेकचा दांडा सोडला. उटी लावली आहे म्हटल्यावर कुणीही सोडला असता. त्यांनी खटका मारला. खट्. इंजिन बोललं नाही. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "आले." नणंदेचा हात सोडवत होते. त्यांनी परत खटका मारला.

उजवं चाक मागे आलं. डावं दगडाला टेकून तिथंच राहिलं. गाडी त्या दगडाभोवती फिरली, खुंट्याभोवती जनावर फिरावं तशी. पुढचं तोंड डोंगराकडे आलं, मागची बैठक दरीकडे गेली. हे माणूस चालतं त्या चालीनं झालं. मग डावं चाक दगडावरून सुटलं. मालकांनी दांडा ओढला, ठोकळा चाकावर दाबला गेलेलाही मी बघितला. पण डावं चाक मोकळं होतं आणि ते कड्याच्या बाहेर गेलेलं होतं. पुढचा दिवा आभाळाकडे झाला आणि तिथं नुसता रस्ता राहिला. आवाज नंतर आला. पुष्कळ वेळ येत होता.

माझ्या हातात नणंदेचा हात तसाच होता.

नगरचा बाजार करून गाड्या खाली येत होत्या. त्यातली माणसं दरीत उतरली. आम्हा दोघींना छावणीच्या एका मालमोटारीत घातलं. मालकांना वर आणलं तेव्हा मी तिथं नव्हते. पट्टा सुटला नव्हता, तो कोयत्यानं कापावा लागला, एवढं मला त्यांतल्या एका गाडीवानानं नंतर सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं.

दवाखान्यात मुलगा निघाला. नर्सबाई म्हणाल्या, याला जाऊन बराच वेळ झाला असावा, तुम्ही घरून निघायच्या आधीच. मी म्हणाले, बरं. दुसरं काय म्हणणार? नणंदेला तीन आठवडे तिथं ठेवलं.

दहाव्याला चाचा आले. टांग्यानं आले होते. ओट्यावर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"बेटी, घोडा नुसता ओढत नाही. घोडा गाडी धरून पण ठेवतो. सारी उमर टांगे केले आणि हेच विसरलो."

सासूबाई आतून म्हणाल्या, "चाचांना च्या द्या."

त्यांना कुणी बोल लावला नाही. बैलगाडीला एकच उटी लावतात, कारण पुढून बैलांनी गाडी धरलेली असते. हे मलाही माहीत होतं, मालकांनाही होतं, घाटातल्या प्रत्येक गाडीवानाला होतं. बिनघोड्याचा टांगा सगळं गाव म्हणत होतं आणि उटी सगळ्यांनीच एक लावली असती.

भूतखेत मी मानत नाही. पण पावसाळ्यात जमीन ओली असली की अजून टक असा आवाज येतो, आणि तो न्हाणीपासून चुलीपर्यंत येऊन थांबतो. मी वळून बघत नाही. भाकरी जळते. शेजारचा पोरगा सकाळी मोटारसायकलला खटका मारतो. पहिल्यांदा चालू झाली तर ठीक. दुसऱ्यांदा मारावा लागला तर मी हातातलं खाली ठेवते. माळ्यावरच्या डाव्या वहाणा सासूबाईंनी टाकू दिल्या नाहीत. त्या गेल्यावर मीही टाकल्या नाहीत. चामडं वाळून पापडासारखं झालंय, तळ कोरे आहेत.

त्यांनी वळून बघितलं ते कशासाठी, हे मला कळलेलं नाही. उतरायचं झालं की ते तसंच बघत. पाय सोड म्हणत होते, की नणंद खाली उतरली का एवढंच बघत होते? मी आले म्हणाले, हे त्यांनी ऐकलं की नाही, तेही माहीत नाही. अशा गोष्टी विचारायला माणूस लागतं.

नणंद सासरी गेली. तिला पुढे मुलं झाली, नातवंडं झाली. भाऊबीजेला ती अजून आमच्याकडे येते. ओवाळायला भाऊ नाही, म्हणून अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळते. मी तिच्या मागे निरांजनाला पदराचा आडोसा धरते. त्या दिवसाबद्दल आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही. एकदा मात्र एसटीनं नगरला जाताना तिला मागे तोंड असलेली जागा मिळाली, तर ती घाट संपेपर्यंत उभी राहिली. मीही उठून तिच्याजवळ उभी राहिले.

त्या सकाळी गाडीत आम्ही तिघं होतो, पोटातलं धरलं तर चौघं. नणंद वाचली आणि मी वाचले.