पूजेतली पॉलिसी

शेषराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी आदिलाबादजवळच्या मावल्याच्या माझ्या प्लॉटवर उभा राहून मनातल्या मनात त्यालाच बोल लावत होतो. माती न्यायला येणाऱ्या गाड्या ठरल्या दिवशीही आल्या नव्हत्या, आणि त्या सकाळी हजर राहून सगळ्यांना धारेवर धरायचं त्याने कबूल केलं होतं. त्याच्या मुलाचा नंबर दिसला तेव्हा वाटलं, आता नवीन काहीतरी सबब... मुलगा म्हणाला, "काका, बाबा गेले. चहा पिता पिता." मला दुःख नंतर झालं. आधी आला तो राग. एवढं लचांड माझ्या गळ्यात अडकवून हा माणूस मध्येच उठून गेला होता.

बाजारहत्नूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी मास्तर झालो, तो आदिलाबादला एका विमा कंपनीच्या शाखेत चिकटला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. त्याला कुठलीच गोष्ट हळू करता येत नसे. दार वाजवायचा तर शेजारचे बाहेर येत. ऑफिसात टाइप करायचा तर अक्षरं कागदाच्या मागून वर येत, आणि साहेब ओरडत. वाद घालायला बसला की भाकरी गार व्हायची. भाऊजी आले की आधी जेवू घाला, मग तोंड उघडू द्या, असं माझी बायको म्हणायची.

निवृत्तीनंतर मावल्याला हा प्लॉट घेतला. एक खोली लगेच बांधली, बाकीचं घर सावकाश, मागे चार झाडं, एवढंच मनात होतं. तिथे पूर्वी कपाशीवर फवारायचं औषध बनवण्याचा छोटा कारखाना होता हे माहीत होतं. पण तो बंद पडून जमाना झाला होता, मालकही वारले होते. बोअर मारली तर पाण्याला औषधाचाच वास. लावलेलं एकही रोप जगेना. शेजारच्या बायका म्हणाल्या, आमच्या विहिरीचं पाणी आम्ही कारखाना चालू होता तेव्हाच सोडलं, तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं! माती खोदून न्यायची तर खर्च माझ्या आवाक्याबाहेरचा. वर मुरूम टाका आणि विकून मोकळे व्हा, असा सगळ्यांचा सल्ला पडला आणि मी तयारही झालो होतो. तेवढ्यात शेषराव आला. त्याने तांब्यातलं पाणी हुंगलं आणि तांब्या खाली ठेवला.

"मुरूम टाकून कोनाले फसवून राह्यला बे, मास्तर? पानी तं खालचंच पितीन ना ते लोकं."

त्या दिवसापासून तो इथे येताना घरून हिरव्या बाटलीत स्वतःचं पाणी आणू लागला. माझ्या बायकोला ते लागायचं. तुझं पाणी चांगलं झालं की पहिला तांब्या मीच पिईन, शब्द देतो, असं तिला सांगायचा, आणि उरलेलं पाणी दारातल्या डब्यातल्या कढीपत्त्याला घालायचा. त्या डब्यातली मातीसुद्धा त्याने बाजारहत्नूरहून आणली होती.

मग त्याच्या डोक्यात विमा शिरला. त्या कारखान्याचा त्याच्याच शाखेत लायबिलिटीचा विमा होता, म्हणजे कारखान्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर विमा कंपनीने भरून द्यायचं. मी म्हटलं, अरे, मालक मेला, कारखाना मेला, आता कसला विमा? तो माझ्यावरच खेकसला. "औषध सांडलं तवा इमा चालू होता ना? मानूस मेला म्हून शब्द मरते काय?" हे वाक्य त्याने मला किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे. विमा कंपनीचं म्हणणं, जुनं दप्तर आमच्याकडे नाही, पॉलिसी आणा. पॉलिसी मालकांच्या लेकीकडे, सुलोचनाबाईंकडे. आणि सुलोचनाबाईंकडे ती कपाटात नव्हती, देवघरात होती!

त्यांचे वडील दर लक्ष्मीपूजनाला त्या वर्षीची पॉलिसी पाटावर ठेवून पुजायचे. बोट भरून हळद, बोट भरून कुंकू, आणि तेही नेमकं नंबरावर, कारण कागदाचं कपाळ तेच. जुनी पॉलिसी टाकायची नाही, लाल कापडात बांधून देवामागे ठेवायची. आता ते गाठोडं घराबाहेर द्यायचं म्हणजे लक्ष्मी घालवायची. बाईंनी साफ नकार दिला. आम्ही हात हलवत परत, पुन्हा जाऊन पुन्हा परत. मी हात टेकले. शेषराव मात्र एका दुपारी त्यांच्या देवघराबाहेर मांडी घालून बसला आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, हळू बोलला. "अक्का, तुमच्या वडलानं दरसाली काय पुजलं, ठाव हाय? आपल्यापायी शेजाऱ्याचं वाटोळं झालं तं आमी भरून देऊ, असं लिवलंय त्यात."

बाईंनी देवामागचं गाठोडं पदराने पुसलं. मग म्हणाल्या, मी स्वतः घेऊन येते, आणि तिथे कोणी बूट घालून हात लावायचा नाही.

तर विमा कंपनीच्या ऑफिसात सुलोचनाबाई पूजेच्या ताटात पॉलिसी घेऊन आल्या, आणि हैदराबादहून बदलून आलेल्या साहेबांना मोज्यांवर उभं राहून ती बघावी लागली. नंबर कुंकवाखाली गडप. साहेब म्हणाले, ये तो पढ़ा नहीं जाता. मी कपाळाला हात लावला. शेषरावने कागद उलटा केला, साहेबांचं बोट धरलं आणि मागून फिरवलं. एकेक आकडा वर आलेला होता. टाइप त्यानेच केली होती ती. बाहेर आल्यावर या माणसाची छाती अशी फुगली की दिवसभर त्याच्याशी बोलायची सोय राहिली नाही.

त्यानंतरही पाहण्या, आक्षेप, फेऱ्या... अखेर कंपनीच्या खर्चाने माती काढायचं मंजूर झालं, आणि गाड्या सुरू व्हायच्या तोंडावर हा गेला. तेराव्यानंतर त्या एकदाच्या आल्या. खड्डा पाहून शेजारच्या बायका रडल्या. मला रडू आलं नाही, मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पाण्याला अजून वेळ लागेल म्हणतात.

हिरवी बाटली खिडकीत आहे. वारला त्याच्या आदल्या दिवशी तो ती इथे विसरून गेला, अर्धी भरलेली. कढीपत्त्याला घाला, असं बायको म्हणते. मी घालत नाही. पहिला तांब्या पिईन असा शब्द त्याने दिलाय, आणि माणूस मेला म्हणून शब्द मरत नाही, हे त्यानेच मला वीट येईपर्यंत शिकवलंय. तर ये म्हणावं आता.