टोपलीतली मांजर

पंचाहत्तर-शहात्तर साल असंल. माझ्या कुत्र्यानं अन्न सोडलं म्हणून सोलापुरातल्या जनावरांच्या दवाखान्यात रांगेत बसलो होतो. पुढचा नंबर मागावर काम करणाऱ्या एका माणसाचा होता. केसांत कापसाची कुसं, मांडीवर टोपली, टोपलीत मांजर. पाण्यात बोट बुडवून तो तिच्या ओठाला लावत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"खात नव्हती. डॉक्टरनी भुकेचं औषध दिलं, दिवसाला एकदाच म्हणून बजावलं. दिवसपाळीला जाताना मी पाजायचो. रातपाळी करून बायको आली, की ती बी पाजायची. दोघांनी एकमेकाला विचारलंच न्हाय."

"एकाच घरात राहता न्हवं?" मी फटकारलं.

"राहतो की. पण एक आला की दुसरा जातो." मग माझ्या कुत्र्याकडं बघून म्हणाला, "तुमी औषध एकाच्याच हातात ठेवा, मालक."

तेवढ्यात कंपाउंडरनं त्याला हाक मारली. त्यानं टोपलीत पाहिलं, मांजरीच्या पोटावर हात ठेवला आणि उठलाच नाही.

"आधी मालकांचं कुत्रं बघा," तो म्हणाला. "हिला आता घाई न्हाय."

रांगेत कुणाच्या पुढं जाणारा माणूस मी नव्हे. त्या दिवशी गेलो.