डबा वाजवल्याची तक्रार

त्या दुपारी तपासणीच्या मॅडम न कळवताच आल्या... सोलापुरात, विणकरांच्या वस्तीतल्या माझ्या बालवाडीत. गोष्ट सत्तरच्या दशकातली, माझी पहिलीच नोकरी.

माझ्याविरुद्ध तक्रार गेली होती! ‘बाई रोज दुपारी डबा बडवून मुलांना धाक घालतात, मुलं भीतीनं निपचित पडतात.’ तक्रार शेजारी नव्यानेच बदलून आलेल्या एका काकांची. खिडकीतून बघणाऱ्याला तसंच वाटलं असतं म्हणा...

तक्रार खरी ठरली तर बालवाडीला कुलूप. मग विड्या वळायला जाणाऱ्या आयांनी पोरं ठेवायची कुठं?

आता डब्याची भानगड सांगते. मी मोहोळची, शेतातल्या घरात वाढलेली. लहान मुलं झोपायची तर चिडीचूप पाहिजे, अशी माझी ठाम समजूत. पण इथं मी सगळीकडे शांत केलं की एकही कार्टं झोपायचं नाही, नुसती टकमक बघत पडायची.

शेवटी छोट्या लक्ष्मीची आई हसायलाच लागली. "बाई, हितं लई शांत हाय की! आमच्या घरी उशाशी माग चालतोय. त्यो थांबला की पोरगी उठती."

झालं... मी तेलाचा रिकामा डबा आणि लाटणं घेतलं. खटक-खट, खटक-खट... आणि अख्खी बालवाडी गाढ!

मॅडम आल्या तेव्हाही माझं तेच चाललं होतं. "आधी ते बंद करा," त्या कडाडल्या. मी थांबले. आधी लक्ष्मी उठली, मग तिच्या शेजारचा, आणि बघता बघता सगळ्यांनी एकदम भोकाड पसरलं.

मी घाईघाईनं पुन्हा लाटणं उचललं, पण त्या रडारडीत ताल काही जमेना. तशा मॅडम पदर खोचून खाली बसल्या आणि लाटणं माझ्या हातातून घेतलं. "द्या इकडं. माझे वडीलपण मागावरच बसायचे."

काय वाजवलं हो मॅडमनी! पोरं पुन्हा आडवी झाली. थोड्या वेळानं मी लाटणं परत घेतलं, तर मॅडम भिंतीला टेकल्या... आणि त्यांचाही डोळा लागला.

तेवढ्यात खिडकीत काका डोकावले. बघतात तर मुलं निपचित, आणि तपासणीला आलेल्या मॅडमही निपचित! त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

मॅडम उठल्यावर त्यांनी स्वतःच काकांना सगळं समजावलं, आणि आम्ही तिघं पोट धरून हसलो... तेही डबा वाजवत वाजवत. बालवाडी पुढं कितीतरी वर्षं चालली.

त्या काकांचा मला कधीच राग आला नाही. ओळखदेख नसलेल्या पोरांसाठी भर उन्हात मॅडमचं ऑफिस गाठून तक्रार करणारा माणूस... असा शेजारी माझ्या बालवाडीला मिळाला, याचा आजही आनंद वाटतो.