आंधळ्याचा उजवा डोळा

"डोळे हायेत का गुंड्या?" गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस फुंकून उडवता उडवता तो रस्त्यावरच्या कुणालाही हे विचारायचा. कुणाची सायकल खड्ड्यात गेली, कुणाचा सदरा उलटा असला, की झालंच. जवळा बाजार गावात माझ्या शाळेसमोर त्याचं सलून होतं. मी शाळेत मास्तर, आणि त्याच्या खुर्चीचा नेमाचा बळी.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. जगात शहाणा एकटाच, आणि ते शहाणपण फुकट वाटत सुटलेला. चष्मेवाल्यांवर त्याचा विशेष राग. "मास्तर, ह्या काचा लावून अक्कल दिसती व्हय?" असं म्हणत तो माझा चष्मा दोन बोटांनी उचलून मेल्या उंदरासारखा फळीवर ठेवायचा.

नव्वद सालानंतर कधीतरी तो दाराच्या चौकटीला धडकू लागला. शिव्या सुताराला. बाजूनं आलेलं माणूस त्याला दिसत नसे, मग "चोरावानी काहून येता?" म्हणून त्यालाच झापायचा. एकदा माझ्या कानाला वस्तरा लागला, तर म्हणाला, "कान लई बाहेर हायेत तुमचे."

एका बाजाराच्या दिवशी त्याचा डावा डोळा लालभडक झाला, डोकं फुटायला आलं, उलट्या सुरू झाल्या. दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखं कडं दिसतंय म्हणाला. निदान अर्थात त्याचं त्यानंच केलं: पित्त. लिंबू-सोडा पीत घरी पडून राहिला. तोवर बुबुळावर पेजेसारखा पांढुरका थर आला. शेवटी त्याची बायको आणि मी त्याला एस.टी.त घालून नांदेडला घेऊन गेलो.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डोळ्यातला दाब एकाएकी इतका वाढला, की बुबुळावरचा पारदर्शक पडदा पाणी शोषून सुजला आणि गढूळ झाला. उशीर झाला होता; आता तो निवळणार नव्हता.

"काच तं तुमीच म्हणता," हा म्हणाला, "मंग पुसून द्या की."

डॉक्टर हसले नाहीत. काचबिंदू उजव्या डोळ्यातही होता, पण तिथं दाब हळूहळू वाढला होता. पुढचा पडदा स्वच्छ, मागची नस मरत चाललेली. रोज थेंब टाकले तर उरलेली नजर टिकेल, गेलेली परत येणार नाही.

त्यानं काही महिने थेंब टाकले. मग "काडीचा फरक न्हाई" म्हणत बाटली उकिरड्यावर फेकली. आणखी फरक पडू नये म्हणूनच ते औषध होतं, हे मी घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. इतका हट्टी मूर्ख मी पाहिला नाही. उजवा डोळाही गेला, न दुखता. दिसायला मात्र तसाच, काळाभोर. वस्तरा धाकट्या भावाच्या हाती गेला, आणि हा बाहेरच्या बाकावर बसून नुसत्या आवाजावरून लोकांना नावं ठेवू लागला.

पुढं शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. हा काठी टेकत आला आणि नेत्रदानाला माझं नाव घ्या म्हणाला. सगळा मांडव हसला. भाऊ म्हणाला, "आंधळ्याचे डोळे कोन घील?"

शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं. "दुसऱ्याला बसवतात तो फक्त पुढचा पडदा. डावा कामाचा नाही. उजवा चांगला दिसतोय. वेळ येईल तेव्हा तपासून ठरवू."

त्या दिवसापासून त्याला ऊतच आला. "तुमचे डोळे धड, आन् जाळून राख करता. माझा फुटका, पर कामी येनार." हे त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. मला तर रोज.

काही वर्षांनी उन्हाळ्यात, एका सकाळी तो बाकावरच गेला. मी नांदेडच्या नेत्रपेढीला फोन लावून आलो, तर भाऊ आडवा आला. "डोळे काढले तं पुढच्या जन्मी आंधळा व्हईल."

"ह्या जन्मी कुठं दिसत व्हतं?" त्याची बायको म्हणाली. "येऊ द्या त्यायला." फोनवर सांगितलं होतं तसं तिनं त्याच्या पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला.

दुपारच्या आत नेत्रपेढीचे लोक आले आणि दोन्ही डोळे घेऊन गेले, डावा अभ्यासासाठी. मांडवात हसलेले बरेच जण तेव्हा दारात माना खाली घालून उभे होते.

काही दिवसांनी शाळेत निरोप आला: उजव्या डोळ्याचा पडदा एकाला बसवला. कुणाला, ते सांगत नाहीत. मी सांगायला त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची बायको सुपात ज्वारी निवडत होती.

"डोळाच बसवला ना, मास्तर? तोंड न्हाई ना?"

"नाही."

"मंग सुखात राहील बिचारं," ती म्हणाली, आणि पुन्हा ज्वारीतले खडे वेचू लागली.